बुद्धिबळें शिकावीं कशीं?

मालेगांव येथील एका वाचक-गृहस्थांचें पत्र आमच्याकडे आलें आहे. त्यांचे चिरंजीव नऊ वर्षांचे व कन्या सात वर्षांची. दोघांनाही बुद्धिबळांचा नाद लागला आहे. घरांत आजोबा आहेत, ते रोज सायंकाळीं नातवाशीं एक-दोन डाव खेळतात. परंतु वर्ष होत आलें तरी म्हणावी तशी प्रगति नाहीं; उलट डाव हरला कीं चिरंजीव पट उधळून उठतात, आणि कन्येस तर पटाशीं बसावयास पाळीच येत नाहीं. 'मोठ्या शहरांतील गोष्ट निराळी. आमच्यासारख्यांनीं घरच्या घरीं काय करावें?' असा त्यांचा प्रश्न आहे. असे प्रश्न अनेक कुटुंबांत पडत असतील, हें जाणून त्याचें उत्तर खाजगी पत्रानें न धाडतां येथें विस्तारानें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उत्तर थोडक्यांत सांगावयाचें तर असें कीं, नवशिका खेळाडू जिंकलेल्या डावांनीं फारसा वाढत नाहीं, आणि खेळलेल्या डावांच्या नुसत्या संख्येनेंही वाढत नाहीं. हरलेला डाव जो पुन्हां पटावर मांडून पाहतो, तोच वाढतो. आजोबांशीं तीनशें डाव खेळून मुलगा जेथल्या तेथें राहिला असेल, तर त्याचें कारण बुद्धीची उणीव हें नसून, एकच चूक त्याच्याकडून तीनशें वेळां झाली व ती त्याला एकदांही दाखविली गेली नाहीं, हें असावें.

हा खेळ आपल्याकडे परका नाहीं. चतुरंग या नांवानें तो भरतखंडांत जन्मला आणि इराण-अरबस्तानच्या वाटेनें युरोपांत गेला, हें सर्वश्रुत आहे. मूळच्या पैठणच्या, परंतु काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यांतील नीलकंठ भट्टांनीं आपल्या 'भगवंतभास्कर' या धर्मशास्त्रावरील प्रचंड ग्रंथाच्या 'नीतिमयूख' या भागांत राजनीतीच्या जोडीनें या खेळाचेंही वर्णन केलें आहे. पुढें १८१४ सालीं मुंबईस त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालें. त्यांत मुख्यतः निवडक बिकट स्थिति मांडून दिल्या आहेत, आणि शिकणाराचा अभ्यास वाढावा व स्मरणशक्तीस व्यायाम घडावा हा त्यांचा हेतु आहे. दोनशें वर्षांपूर्वींच्या शास्त्रीबोवांनीं धरलेली ही वाट आजच्या नवशिक्यासही सोयीची आहे, असें आमचें मत आहे. ती कशी, तें पुढें येईल.

परंतु त्याआधीं एका अडचणीचा उल्लेख केला पाहिजे. आपल्या कित्येक घरांतून वडीलधारीं माणसें मुलांना खेळ शिकवितात तो जुन्या देशी रीतीनें. त्या रीतींत प्यादें पहिल्या खेळींतही एकच घर सरकतें; राजाला शह बसलेला नसेल तर एकदां घोड्याची अडीच घरांची उडी मारण्याची मुभा असते; आणि शेवटच्या ओळींत पोहोंचलेलें प्यादें त्या घरच्या मोहऱ्याचें रूप घेतें. आज शाळांच्या व जिल्ह्यांच्या स्पर्धांतून चालणारे आंतरराष्ट्रीय नियम निराळे आहेत. त्यांत प्याद्याला पहिल्या खेळींत दोन घरें चालतां येतात. राजाला घोड्याची उडी नाहीं, त्याऐवजीं हत्तीच्या साह्यानें एकाच खेळींत किल्लेकोट करतां येतो. आणि शेवटच्या ओळींत गेलेल्या प्याद्याचा वजीर, हत्ती, उंट वा घोडा यांपैकीं हवें तें मोहरें होऊं शकतें. घरीं एक रीत व बाहेर दुसरी, अशा स्थितींत मूल गोंधळतें आणि पहिल्याच स्पर्धेंत नाउमेद होऊन परततें. यास्तव आजोबांनीं मनाचा मोठेपणा करून प्रथम स्वतः आंतरराष्ट्रीय नियम समजून घ्यावे, असें आम्ही सुचवितों. देशी खेळांत मुरलेल्या माणसाला हें अवघड जात नाहीं. पंजाबचे मीर सुलतान खान देशी रीतीनेंच खेळ शिकले होते. पाश्चात्त्य नियम त्यांनीं मागाहून आत्मसात केले, आणि १९२९, १९३२ व १९३३ अशा तीन सालीं ते ब्रिटनचे अजिंक्यवीर झाले. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेंत त्यांनीं माजी जगज्जेते कापाब्लांका यांनाही हरविलें.

नियम समजले कीं बहुतेक लोक एकदम पुरा डाव मांडतात. आमच्या मतें येथेंच चुकतें. बत्तीस मोहऱ्यांच्या गर्दींत नवशिक्याला कांहींच दिसत नाहीं. तो डोळे मिटून लोटल्यासारखीं मोहरीं लोटतो. अक्षरओळखीपूर्वीं जसें मुलाच्या हातीं पोथी देत नाहींत, तसेंच येथेंही आहे. प्रथम पटावर थोडींच मोहरीं ठेवावीं आणि डावाच्या शेवटापासून आरंभ करावा. कापाब्लांका यांनीं १९२१ सालीं नवशिक्यांसाठीं लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकाचा प्रारंभ याच रीतीनें केला आहे.

पहिला धडा दोन हत्तींच्या मातेचा. एका हत्तीनें एक ओळ रोखून धरावी, दुसऱ्यानें पलीकडच्या ओळींत शह द्यावा. राजा एक ओळ मागें सरकतो. मग पहिल्या हत्तीनें तेंच करावें. जिन्याच्या पायऱ्या चढाव्या त्याप्रमाणें राजाला कडेला नेऊन मात होते, आणि ही गोष्ट सात वर्षांच्या मुलीसही एका बैठकींत साधते. दुसरा धडा राजा व वजीर यांनीं एकट्या राजाला मात करण्याचा. ही मात कोणत्याही स्थितींतून फार तर १० खेळ्यांत होते. मात्र राजाला शह नसून हालावयास घरही उरलें नाहीं, तर डाव बरोबरींत सुटतो, हें येथें अनुभवानें कळतें. तिसरा धडा राजा व एका हत्तीचा. यांत अचूक खेळल्यास १६ खेळ्या पुरतात. पण आपल्या राजाला घरांत बसवून नुसत्या हत्तीनें शह देत राहिल्यास जन्मभर मात होत नाहीं. राजानें स्वतः पुढें येऊन, मध्यें एक घर सोडून, समोर उभें राहिलें पाहिजे. मोहऱ्यांनीं एकमेकांच्या साह्यानें कार्य करावयाचें असतें, हें तत्त्व मुलाला व्याख्यानावांचून येथें उमगतें.

चौथा धडा एका प्याद्याचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. पांढऱ्याचें प्यादें पांचव्या ओळींत, त्याच्यापुढें सहाव्या ओळींत त्याचाच राजा, व त्याच पट्टींत आठव्या ओळींत काळा राजा, अशी स्थिति मांडावी. कडेच्या दोन पट्ट्या सोडल्या, तर खेळण्याची पाळी कोणाचीही असो, पांढरा जिंकतो. परंतु राजा मागें राहून प्यादेंच पुढें धांवलें, तर तोच डाव पुष्कळदां बरोबरींत सुटतो. एवढी एक गोष्ट ज्याला पक्की समजली, तो ती न समजलेल्या खेळाडूकडून अनेक अर्धे गुण मिळवितो. हे चार धडे बसण्यास रोज अर्धा तास धरला तर एक महिना पुरेसा आहे.

त्यानंतर पुरा डाव मांडावा. येथें मोहऱ्यांच्या मोलाचा हिशेब मुलाच्या मनांत ठसवावा. प्यादें १, घोडा व उंट प्रत्येकीं ३, हत्ती ५ आणि वजीर ९, असें हें ढोबळ मान आहे. राजाला अर्थातच मोल नाहीं, कारण तो गेला कीं सर्वच गेलें. नवशिक्यांचे बहुतेक डाव कांहीं गूढ कारणांनीं हरत नाहींत. फुकट दिलेल्या मोहऱ्यांनीं हरतात. यासाठीं प्रत्येक खेळीपूर्वीं मुलानें स्वतःला तीन प्रश्न विचारावे. प्रतिपक्षानें ही खेळी कां केली? मी जें मोहरें हालवितों आहें, तें जेथून निघालें तेथें काय उघडें पडलें? आणि जेथें जाणार तेथें तें मारलें जाईल काय? हे तीन प्रश्न विचारण्यास दहा पळें लागतात. न विचारल्यास वजीर जातो.

डावाच्या आरंभाविषयीं आमचा सल्ला असा कीं, पुस्तकांतील चाली पाठ करण्याच्या फंदांत नवशिक्यानें पडूं नये. दोन्ही बाजूंची एकेक खेळी झाली कीं पटावर ४०० निरनिराळ्या स्थिति संभवतात. पुढें तर गणतीच राहत नाहीं. ज्या क्षणीं प्रतिपक्षी पुस्तकाबाहेरची खेळी करतो, त्या क्षणीं पाठांतर निरुपयोगी ठरतें. तीन गोष्टी मात्र सांभाळाव्या. मधल्या चार घरांवर आपल्या प्याद्यांचा दाब असावा. घोडे व उंट लवकर बाहेर काढावे, एकच मोहरें वारंवार नाचवूं नये. आणि किल्लेकोट करून राजाला सुरक्षित जागीं ठेवावें. वजीर व उंट यांच्या जोडीनें, राजाच्या उंटापुढील प्याद्याच्या घरांत चार खेळ्यांत होणारी मात शाळकरी मुलांत फार प्रचलित आहे. त्या प्याद्याला आरंभीं राजावांचून दुसऱ्या कोणाचाही आधार नसतो, एवढें एकदां दाखविलें कीं तिचें भय नाहींसें होतें.

राजापुढील प्यादीं विनाकारण हालवूं नयेत, हें मुलाला सांगावयाचें असेल तर मालेगांवच्या मंडळींना दूर जावयास नको. मोसम नदीच्या कांठचा, नारो शंकर राजेबहाद्दर यांनीं बांधलेला भुईकोट किल्ला गांवांतच उभा आहे. १८१८ सालीं आंतील अरब शिबंदीनें इंग्रजी फौजेला त्याच्या तटापुढें कित्येक आठवडे झुंजविलें. पण दारूखान्याचा स्फोट होऊन तटाला खिंडार पडलें आणि किल्ला पडला. पटावरील राजाचा तट म्हणजे ती तीन प्यादीं. बाहेरून शत्रूनें तो फोडला तर निरुपाय. आपणच आंतून त्याला खिंडार पाडणें हें शहाणपण नव्हे.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. मुलाला डाव लिहून ठेवण्याची संवय पहिल्या महिन्यापासून लावावी. पटाच्या उभ्या पट्ट्यांना ए पासून एच पर्यंत इंग्रजी अक्षरें व आडव्या ओळींना १ ते ८ हे अंक, अशी पद्धति सर्वत्र रूढ आहे. ई पट्टींतील चौथें घर तें 'ई४'. ती दोन दिवसांत येते. एक वही करावी व तींत डाव्या पानावर डाव लिहावा, उजवें पान कोरें सोडावें. डाव संपल्यावर, विशेषतः हरल्यावर, मोहरीं डब्यांत न भरतां पुन्हां आरंभापासून मांडावीं आणि दोघांनीं मिळून तो डाव पुन्हां चालवावा. कोणत्या खेळीपर्यंत पारडें समतोल होतें? तें प्रथम कोठें झुकलें? त्या वेळीं माझ्या मनांत काय होतें? दुसरी कोणती खेळी होती? या चार प्रश्नांचीं उत्तरें मुलानें आपल्या शब्दांत उजव्या पानावर लिहावीं. 'घोडा कडेला नेला, तो तेथें अडकला', 'घाईनें प्यादें मारलें', एवढ्या चार शब्दांचीं असलीं तरी चालतील. दोन-तीन महिन्यांनीं उजवीं पानें सलग वाचलीं म्हणजे एकच चूक किती वेळां झाली हें त्याचें त्यालाच दिसतें. असा दोष सांपडला, कीं निम्मा अभ्यास झाला.

यांत आणखीही एक लाभ आहे, आणि मालेगांवच्या गृहस्थांना तोच अधिक मोलाचा वाटेल. पट उधळणाऱ्या मुलाला पराभव हा आपला अपमान वाटत असतो. तोच डाव पुन्हां मांडून पाहिला म्हणजे पराभव ही एका विशिष्ट खेळींत घडलेली, शोधून काढतां येण्याजोगी व सुधारतां येण्याजोगी गोष्ट आहे, असें त्याला प्रत्यक्ष दिसतें. रागावण्याचें कारणच मग हळूहळू कमी होतें. 'रागावूं नकोस' या उपदेशानें जें होत नाहीं, तें या वहीनें होतें.

वडीलधाऱ्यांनीं कसें वागावें, याविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. नातवाला बरें वाटावें म्हणून आजोबा जाणूनबुजून हरतात, हें ममतेचें असलें तरी हिताचें नाहीं; मुलें तें लवकरच ओळखतात आणि मग खऱ्या विजयावरचाही त्यांचा विश्वास उडतो. त्यापेक्षां आजोबांनीं आपला वजीर अथवा एक हत्ती आरंभींच पटावरून उतरवून ठेवावा व मग आपली सर्व शक्ति लावून खेळावें. मूल बलवान होऊं लागलें म्हणजे हत्तीऐवजीं घोडा, घोड्याऐवजीं प्यादें, असें करीत बरोबरीस यावें. जो दिवस आजोबा सर्व मोहऱ्यांनिशीं बसून खरोखर हरतील, तो त्या मुलाच्या कायमचा लक्षांत राहील. हात लावलेलें मोहरें चालविलेंच पाहिजे, हा नियम लहानथोर सर्वांस सारखा लावावा. डाव चालूं असतां बाजूस बसलेल्यांनीं खेळी सुचवूं नये, आणि हरलेल्याची थट्टा करूं नये.

हल्लीं आणखी एक शिक्षक घराघरांत येऊन बसला आहे, तो म्हणजे मोबाइल फोन. १९९७ सालीं 'डीप ब्ल्यू' या यंत्रानें जगज्जेत्या कास्पारोव्ह यांना सामन्यांत हरविलें. आज साध्या फोनमधील यंत्रही उत्तमोत्तम खेळाडूंहून बलवान आहे. ज्याच्या गांवीं तोलामोलाचा प्रतिस्पर्धी नाहीं त्याची फोनमुळें मोठीच सोय झाली आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तीन-तीन मिनिटांचे डाव एकामागून एक खेळत राहिल्यानें विचार करण्याची संवय लागत नाहीं, ती मोडते. तसेंच, डाव संपतांच यंत्राला चूक विचारल्यास उत्तर मिळतें, पण तें शोधण्याचे श्रम चुकतात, आणि शिक्षण तर त्या श्रमांतच आहे. म्हणून क्रम असा ठेवावा: प्रथम आपल्या डोळ्यांनीं डाव तपासावा, उजवें पान लिहावें, आणि मगच यंत्राचें मत पाहावें. गणिताच्या पुस्तकांतील शेवटचीं उत्तरें आपण जशीं वापरतों, तसाच त्याचा उपयोग करावा.

आतां कन्येविषयीं. तिला पटाशीं पाळी येत नाहीं, या वाक्यानें आम्हांस खेद झाला. कारण या खेळांत महाराष्ट्राचें नांव मुलींनीं फार मोठें केलें आहे. स्त्रियांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ सालीं प्रथम भरली, ती मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनीं जिंकली. त्यांच्या भगिनी जयश्री व रोहिणी याही पुढें राष्ट्रीय विजेत्या झाल्या. रोहिणी यांनीं तर हा मान पांच वेळां मिळविला. एका पत्रकाराच्या घरांतील या तीन बहिणी. १९७६ सालीं रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत उतरल्या तेव्हां कांहीं पुरुष खेळाडूंनीं हरकत घेतली आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें. अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष व माजी जगज्जेते मॅक्स युवे यांनीं स्त्री म्हणून कोणासही स्पर्धेंतून वगळतां येणार नाहीं, असा निर्णय दिला. त्या घटनेनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनीं, २०२५ च्या जुलै महिन्यांत, नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुख यांनीं जॉर्जियांतील बातूमी येथें स्त्रियांचा विश्वचषक जिंकला आणि त्या ग्रँडमास्टर झाल्या. विश्वनाथन् आनंद यांना वयाच्या सहाव्या वर्षीं हा खेळ प्रथम शिकविला तो त्यांच्या मातोश्रींनीं, हेंही विसरूं नये. सारांश, घरांत एकच पट असेल तर पाळ्या लावाव्या. आणि आजोबा थकले असतील तर मुलांच्या आईनें पटाशीं बसावें. भावाबहिणींच्या वयांत दोनच वर्षांचें अंतर आहे. एकमेकांइतका सोयीचा प्रतिस्पर्धी त्यांना दुसरा मिळणार नाहीं.

घरचा अभ्यास वर्षभर झाल्यावर मुलांना बाहेरच्या स्पर्धेंत अवश्य न्यावें. प्रथम जिंकण्यासाठीं नव्हे, तर निराळ्या रीतीनें खेळणारीं माणसें पाहण्यासाठीं. मालेगांवाहून नाशिक सुमारें शंभर किलोमीटर. त्याच नाशिकचे विदित गुजराथी २०१३ सालीं ग्रँडमास्टर झाले, २०२३ सालीं आइल ऑफ मॅन येथील ग्रँड स्विस स्पर्धेंत पहिले आले, आणि २०२४ सालीं बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्यें सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघांत होते. त्याच वेळीं स्त्रियांच्या संघानेंही सुवर्णपदक मिळविलें. त्याचे कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे होते. मोठें शहर असल्याशिवाय खेळाडू घडत नाहीं, हा समजही खरा नाहीं. सांगलीस भाऊसाहेब पडसलगीकरांनीं नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारें मुलामुलींना वर्षानुवर्षें पटाशीं बसविलें, आणि त्याच सांगलीच्या स्वाती घाटे महिला ग्रँडमास्टर झाल्या. एखाद्या गांवांत चार कुटुंबांनीं ठरवून रविवारीं सकाळीं एका ओटीवर चार पट मांडले, तर मंडळाचा पाया तेवढ्यानेंही घातला जातो.

प्रत्येक मूल दिव्या किंवा विदित होणार नाहीं, आणि तशी अपेक्षा धरून त्याच्या मागें लागूंही नये. परंतु प्रतिपक्षाचा हेतु आधीं विचारावा, हात लावण्यापूर्वीं पाहावें, आणि हरल्यावर कारण स्वतःमध्यें शोधावें, या तीन संवयी ज्याला दहाव्या वर्षीं लागल्या, त्याचा पटावरील वेळ वायां गेला असें कोणीही म्हणणार नाहीं. त्यासाठीं लागणारें साहित्य फार नाहीं: एक पट, एक वही, रोजचा अर्धा तास, आणि हरलेल्या मुलाजवळ आणखी दहा मिनिटें शांतपणें बसणारें एक वडील माणूस.